चौथी वेस

धाकटी 'बरं' म्हणाली की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

हे मी खेळातलं सांगतेय, 'चार वेशी'मधलं. ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांची मला कीव येते. गाड्या पळवायचे, बंदुका झाडायचे, शेतं पिकवायचे असे सगळे खेळ मी खेळून बसलेय, आणि कोणाला कमी लेखायचं नाही, पण 'चार वेशी' तो 'चार वेशी'. एक शहर, त्याभोवती तट, चार दिशांना चार वेशी. एकीने शहर राखायचं, दुसरीने वेढा घालायचा. बस, एवढंच. पण त्या एवढ्यात काय काय भरलंय! धान्य वाहणारी गाढवं चिखल दिसला की अडून बसतात. उपाशी ठेवलं की शिपाई सेनापतीच्या पाठीमागे त्याची नक्कल करतात. लांबची तोफ डागली की आधी धूर दिसतो आणि आवाज मागाहून येतो. ज्याने कोणी हे बसून बनवलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं. मध्ये कंपनीने नवी आवृत्ती काढली आणि तिरंदाजांचं पार वाटोळं केलं, तेव्हा मी त्यांना मनसोक्त शिव्या लिहून पाठवल्या होत्या. उत्तर आलं नाही. आम्ही दोघी बहिणी अजून जुनीच आवृत्ती खेळतो.

या खेळात एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वेढा घालणाऱ्याने चारही वेशी बंद केल्या की शहराच्या मधल्या बुरुजावर लाल झेंडा चढतो. म्हणजे आतल्यांना कळलं, आता बाहेर पडायला वाट नाही. मग आतला एकेक शिपाई तिघांच्या बळाने लढतो. तेच एक वेस मोकळी सोडली तर झेंडा चढत नाही. आतले लढता लढता त्या वेशीकडे बघायला लागतात आणि शेवटी शस्त्रं टाकून पळत सुटतात. पळणाऱ्याला फक्त समोरची वाट दिसते. त्या वाटेवर आपले घोडेस्वार दडवून ठेवले की काम झालं.

मी दर वेळी चारही वेशी बंद करायचे. कोणी निसटताना दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मग तो पडद्यावरचा शिपाई का असेना. लाल झेंडा चढायचा, माझं सैन्य चेचलं जायचं आणि धाकटी हसत नसे, उलट तिला वाईट वाटायचं.

"ताई, एक वेस सोड ना गं. तुला सगळ्यांना कोंडूनच मारायचं असतं."

"पळून गेलेला उद्या परत येतो."

"नीट सोडला तर नाही येत," ती म्हणायची.

ती स्वतः खेळायची तेव्हा बघत राहावं. आपलं पायदळ डोळ्यांसमोर तुडवलं जातंय, आणि ही बाई पाय पोटाशी घेऊन शांत बसलेली. का, तर घोडेस्वार हलवायची वेळ अजून झाली नाही. मी ओरडायचे, अगं वाचव त्यांना! ती म्हणायची, थांब. आणि एरवी हीच मुलगी झुरळ मारायचं म्हटलं तर मला हाक मारणारी.

माझं काम ठोकाठोकीचं. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे हातोडीने सरळ करते. बाई हे काम करते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. आता गाडी घेऊन येतात. गॅरेज मालकांचं, पण किल्ल्या माझ्याकडे. पुढे रस्त्याकडचं शटर, आत काम करायची जागा. मग सरकतं लोखंडी दार, आणि त्याच्यामागे अंधारी मागची खोली, तिथे गाडीच्या खाली उतरून काम करायचा खड्डा. पुरुषभर खोल, लांबट, सिमेंटचा. खड्ड्यापलीकडे गल्लीत उघडणारं छोटं दार. बाजूने जिना, आणि वर माझी खोली.

त्या खड्ड्यावर गाडी नसली की जाड फळ्या टाकायच्या, हा मालकांचा नियम. त्यांचा सख्खा भाऊ त्यात पडून कायमचा लंगडा झाला होता. नवीन माणूस कामाला आला की मालक आधी फळ्या दाखवायचे, मग हत्यारं. फळ्या टाकायला विसरणाऱ्या एकाला त्यांनी त्याच संध्याकाळी घरी बसवलं. मी कधी म्हणजे कधी विसरले नाही. एवढ्या वर्षांत मालकांनी माझी तारीफ केली असेल तर याच एका गोष्टीची.

आता धाकटीचा नवरा. तो पोहायला शिकवायचा. सगळे त्याला कोच म्हणायचे, आम्हीसुद्धा. रुंद खांदे, गोड बोलणं, मुलांच्या आया त्याच्यावर खूश. पाण्याला घाबरणाऱ्या पोराला तो एका आठवड्यात तरंगायला लावायचा. माणूस किती वेळ श्वास धरू शकतो, कधी हातपाय झाडतो, कधी थांबतो, हे त्याला बरोबर माहीत होतं.

घरी त्याने तेच ज्ञान वापरलं. भाजी खारट झाली, दार उघडायला उशीर झाला, काहीही. केस धरून तो धाकटीचं डोकं मोरीतल्या बादलीत घालायचा आणि मोठ्याने आकडे मोजायचा, पोरांना शिकवताना मोजायचा तसे. सुटल्यावर टॉवेलही तोच द्यायचा. अंगावर वळ नाही, डाग नाही. पोलीस चौकीत गेलो तर तिथला माणूस तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "कुठे लागलंय दाखवा." त्याचंच डोकं बादलीत घालावं असं मला वाटलं.

एके दिवशी त्याने पोरीलाही बादलीपाशी उभं केलं. "बघ, आईला पोहायला शिकवतोय." त्या दुपारी धाकटी चिमणीला उचलून माझ्याकडे आली. चिमणी म्हणजे तिची मुलगी, नुकती पहिलीत गेलेली. पायात दोघींच्याही चपला नव्हत्या.

कोच आला नाही असा दिवस गेला नाही. रस्त्यापलीकडे गाडी लावून बसायचा, मला बघून हात हलवायचा. शनिवारी त्याचा फोन आला. धाकटीने तो मला ऐकवला. "सोमवारी शाळा सुटायच्या आधी मी दारात असेन. माझी मुलगी आहे, मी नेणार. आता तिला शिकवायची वेळ झालीय."

धाकटी थरथरत होती. मी नव्हते. माझे हात शिवशिवत होते.

"रविवारी गॅरेज बंद असतं," मी म्हटलं. "त्याला बोलाव. सांग, ये, बोलून मिटवू. तो आत आला की मी शटर पाडते. मागचं सरकतं दार तू तुझ्या बाजूने कडी घालून बंद कर आणि वर जाऊन बस. मग मी आणि तो. पुन्हा कोणाचं डोकं धरायला त्याच्या हातात बोटं राहणार नाहीत."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तो तुझ्या दुप्पट आहे."

"माझ्याकडे हातोडा आहे."

"कोंडू नकोस त्याला. एक वेस सोड."

"अगं हा काय खेळ आहे का?" मी ओरडलेच. "सोडला तर सोमवारी शाळेच्या दारात उभा राहील! नाही सोडणार. चारही बंद."

तिने खाली बघितलं. चिमणीच्या वेणीची रिबीन सुटली होती, ती बांधली. मग म्हणाली, "बरं."

आणि मला, जिने हे 'बरं' लहानपणापासून ऐकलं होतं, काही म्हणजे काही वाटलं नाही.

रविवारी जेवणं उरकल्यावर तिने चिमणीला शेजारच्या शिंपीणबाईंकडे पाठवलं, बाहुलीचे कपडे शिवायला. मी म्हटलं बरं झालं, पोरीने बघायला नको. मी पुढे हातोडे लावून ठेवत होते. कुठला हाताला बसतो, कुठला फार जड पडतो. खरं सांगते, मला मजा येत होती. नवीन डाव सुरू करताना येते तशी.

कोच आला तो हातात चिमणीसाठी चॉकलेट घेऊन. पांढरा शर्ट, केस ओले.

"काय ताई, बायको कुठे आमची?"

"येतेय. आत या."

तो आत आला. मी शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं. मागे सरकत्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. पत्र्याच्या छतातल्या दोन काचांमधून उजेड पडत होता तेवढाच. तो वळायच्या आत मी पहिला घाव घातला, खांद्यावर. हाड वाजलं. चॉकलेट खाली पडलं.

दुसरा घाव बरगडीत बसला. तिसरा त्याने चुकवला आणि तो बॉनेटवर बसला, मीच आदल्या दिवशी सरळ केलेल्या. तो मागे सरकत सरकत्या दारापर्यंत गेला, दार ओढलं, हललं नाही. शटरकडे धावला, कुलूप बघितलं. मी हसले. मी म्हटलं, "आज मोज आकडे. मोज!"

तो थांबला. चेहऱ्यावरचं भय एकदम गेलं. त्याच्या डोळ्यांत काही उरलंच नाही. इतक्या वेळा मी लाल झेंडा बुरुजावर चढताना बघितला होता, पण माणसाच्या चेहऱ्यावर तो चढताना पहिल्यांदा बघत होते. त्याला कळलं होतं की वाट नाही.

त्याने चाकं खोलायचा पाना उचलला. मी हातोडा आडवा धरला तर त्याने हातोड्यावर मारलंच नाही, मनगटावर मारलं. मनगट वाळक्या काटकीसारखं मोडलं. हातोडा कुठे गेला ते मला दिसलं नाही. मग त्याने पोटात लाथ घातली, मी पडले, तो वर आला. डाव्या हाताने त्याचा कान धरून मी ओढला, फाटेपर्यंत ओढला, रक्त माझ्या तोंडात आलं. त्याला काही जाणवत नव्हतं. त्याचा तुटका खांदासुद्धा काम करत होता. माझं डोकं त्याने फरशीवर आपटलं, मग पुन्हा.

कोपऱ्यात पंक्चर बघायचा पाण्याचा टब असतो. ट्यूब बुडवली की बुडबुडे येतात तो. त्याने मला केस धरून तिथपर्यंत ओढत नेलं.

"एक," तो म्हणाला.

पाणी काळं होतं, रबराचा वास येत होता. मी डोळे उघडे ठेवले, मिटायचं भान नव्हतं. त्याचा आवाज पाण्यातून लांबून यायचा. दोन. तीन. श्वास संपला तेव्हा मी पाय झाडले, मग एक हातही झाडला. त्याने जरा वर काढलं, अर्धा श्वास घेऊ दिला, पुन्हा घातलं. आकडे पुन्हा एकपासून. धाकटीने हे किती वेळा सोसलं असेल, आणि मी शेजारच्या रस्त्यावर पत्रे ठोकत होते. मला मरायचं नव्हतं. मला तिला हाक मारायची होती, पण तोंडात पाणीच होतं. हळूहळू पाय झाडायचे थांबले.

आणि हात सुटला.

मी टबाच्या काठावरून खाली घसरले. खोकताना तोंडातून पाणी आणि रक्त येत होतं. सरकतं दार उघडं होतं. दारात धाकटी उभी होती, एका बाजूला सरकून, भिंतीला पाठ लावून. तिच्यामागे खोलीत अंधार, आणि त्या अंधारापलीकडे गल्लीचं दार सताड उघडं. बाहेरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं.

"पोलीस पुढे आलेत," ती हळूच म्हणाली. त्याच्याकडून टॉवेल घेताना बोलत असेल तसा आवाज. "मागून जा तू. लवकर."

त्याने शटरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ही बाई त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, तेवढी तिची छातीच नव्हती. आणि ती खोली त्याच्या पायाखालची होती. जावई म्हणून तो नेहमी मागच्याच दाराने यायचा, त्या फळ्यांवरून चालत. पाना टाकून तो उन्हाच्या दिशेने पळत सुटला.

तीन-चार पावलं ऐकू आली. मग पाऊल ऐकू आलं नाही. मग जो आवाज आला, तो धान्याचं पोतं उंचावरून फेकल्यासारखा, आणि त्यातच लोखंडाचा. खड्ड्यात गिअरबॉक्स टेकवायचा उभा स्टँड होता.

मी रांगत दारापर्यंत गेले. खड्डा उघडा होता. खालून कण्हणं ऐकू येत होतं. मग त्याने धाकटीला नावाने हाक मारली. "पाय हलत नाहीयेत," तो म्हणाला. "अगं, पाय हलत नाहीयेत माझे."

"फोन कर," मी म्हटलं. "ॲम्ब्युलन्सला."

"करते," धाकटी म्हणाली.

फोन तिच्या हातातच होता. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, पाय पोटाशी घेऊन, आणि खड्ड्याच्या काठाकडे बघत राहिली. मला ते बसणं ओळखीचं होतं. खालचा आवाज चढला, शिव्या आल्या, मग 'आई' आलं, मग ओला खोकला. मला ऐकवेना. ज्याच्या बोटांचा चुरा करायला मी मघाशी हातोडे निवडत होते, त्याच्यासाठी माझ्या तोंडून निघालं, "अगं, कर ना फोन!"

"थांब, ताई," ती म्हणाली.

खालचा आवाज बंद झाला. तिने मग फोन लावला आणि पत्ता सांगितला, आणि सांगता सांगता रडायला लागली. अगदी खरं रडणं. इतकं की पलीकडच्या माणसाला तिला तीनदा विचारावं लागलं.

पोलीस अधिकारी बाई आल्या तोवर त्याच्यावर कापड पडलं होतं. मालकही आले, अक्कलदाढ काढलेला गाल सुजवून. बाईंनी माझं मनगट बघितलं, टब बघितला, पाना बघितला. धाकटीची जुनी तक्रार त्यांना कोणीतरी फोनवर वाचून दाखवली. तोपर्यंत सगळं आमच्या बाजूने होतं. मग त्या मागच्या खोलीत गेल्या.

फळ्या भिंतीशी उभ्या होत्या. ओळीत, नीट. मी फळ्या कधी उभ्या ठेवत नाही, आडव्या रचते. खोलीतला दिवा बंद होता आणि गल्लीचं दार उघडं होतं. मी हातोडे निवडत होते तेव्हा ती काय करत होती ते मला तेव्हा कळलं, आणि सरकतं दार नेमकं किती वेळाने उघडायचं हे तिने कसं ठरवलं असेल तेही. मी तिचं पायदळ होते.

"खड्ड्यावर काही झाकण नसतं?" बाईंनी विचारलं. "या फळ्या कशाच्या? कोणी काढल्या?"

मालक माझ्याकडे बघत होते. शिंपीणबाईंकडून आलेली चिमणी आईच्या कुशीत झोपली होती, हातात बाहुलीचा अर्धा झगा. धाकटीने मान वर केली. तिच्या नजरेत ना विनवणी होती, ना भीती. माझी चाल आली की ती अशीच बघायची, घाई न करता. मी काहीही म्हटलं असतं तरी तिने मुकाट्याने सोसलं असतं.

आणि चिमणी कुठे गेली असती? कोचच्या आईकडे, जिने त्याला घडवलं होतं.

"मी काढल्या," मी म्हटलं. "सकाळी खाली उतरून काम करत होते. परत टाकायला विसरले."

आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. हातोडा घालून माणूस मोडायला निघाले त्याची नाही वाटली, याची वाटली. मालकांनी डोळे मिटले. त्यांना माहीत होतं, त्या सकाळी खड्ड्यावर घ्यायला एकही गाडी नव्हती. सुजलेल्या गालाने ते जड बोलले, "विसरते ती. आधीही विसरलीय."

बाईंनी लिहून घेतलं. मालक माझ्याजवळ आले, डावा हात पुढे केला. मी किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून सोडून त्यांना दिला.

धाकटी उठली, चिमणीला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझ्यासाठी पेलाभर पाणी आणलं.

"पी, ताई," ती म्हणाली.

मला तो पेला तोंडाजवळ नेववेना. ती तशीच धरून उभी राहिली.